सव्वा महिन्याच्या हिशेबाबाहेर

नगर जिल्ह्यात बाळंतपणाचे नियम कुणाला शिकवावे लागत नाहीत. बाळंतिणीला सव्वा महिना. कोपऱ्यातली बाज, बाजेखाली शेगडी, ओव्या-शेपाची धुरी, कानाला फडकं, अंगाला तेल, सकाळी अळिवाचा नाहीतर डिंकाचा लाडू, दुपारी हुलग्याचं माडगं. गार पाण्यात हात घालायचा नाही, जड उचलायचं नाही. सासू कितीही कडक असो, सव्वा महिना तिलाही सहसा मोडता येत नाही. मोडला तर आळीतल्या बायका तोंडावर बोलतात. यातलं शास्त्रीय किती आणि ऐकीव किती, हा वाद वेगळा. (कोंदट खोलीतला शेगडीचा धूर बाळाच्या छातीला बाधतो, हे डॉक्टर सांगून थकले.) पण या सगळ्यामागची समज पक्की आहे: बाईच्या पोटात काही घडलं की तिला भरून यायला दिवस लागतात, आणि ते दिवस घरानं द्यायचे असतात.

गर्भपात झालेल्या बाईच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही. सकाळच्या एसटीनं नगरला, संगमनेरला नाहीतर लोणीला गेलेली बाई संध्याकाळच्या गाडीनं परत येते आणि रात्रीच्या भाकरी थापायला बसते. घरात सांगितलेलं असतं, दाढ दाखवायला गेले होते. दुसऱ्या दिवशी शेणघाण, पाणी, धुणं ठरल्याप्रमाणे. अंगावरून जातंय ते पाळीच्या नावावर खपवता येतं, म्हणून सासरी ‘बाहेर बसायची’ रीत अजून असेल तर तेवढे तीन-चार दिवस तिला पाठ टेकता येते. ज्या रीतीविरुद्ध आपण इतकं लिहितो-बोलतो, तिचाच आडोसा तिला घ्यावा लागतो.

या पुस्तिकेची पुढची पानं या बाईसाठी आणि तिच्या घरातल्या एखाद्या शहाण्या माणसासाठी आहेत. गर्भपात करावा की करू नये, हा या पानांचा विषय नाही. तो निर्णय होऊन गेला आहे, किंवा निसर्गानंच घेतला आहे. आता ती घरी आली आहे. इथून पुढचे सहा आठवडे, आणि काही जणींच्या बाबतीत पुढची काही वर्षं, एवढाच आपला प्रांत. आपोआप झालेला आणि करून घेतलेला, दोन्ही गर्भपात इथं एकत्र घेतले आहेत, कारण शरीराची सावरण्याची वाट दोन्हीकडे जवळजवळ सारखीच असते. फरक करतं ते घर. आपोआप झाला तर ‘गेलं बिचारीचं’ म्हणत दोन दिवस कुणीतरी हळहळतं. करून घेतला तर सगळ्यांच्या तोंडाला कुलूप, आणि पहिलं कुलूप तिच्या स्वतःच्या.

जुन्या ग्रंथकारांनी या बाईला वगळलेलं नाही, हे पाहून मला नवल वाटलं होतं. धर्मशास्त्रातल्या आशौचाच्या नियमांत गर्भ गळाला तर जितके महिने झाले असतील तितक्या रात्री आईला आशौच सांगितलं आहे. मोजणी विटाळाची खरी, पण मोजणी होती. वाग्भटाची नजर त्याहून बारीक. अष्टांगहृदयाच्या शारीरस्थानात गर्भ पडल्यावर स्त्रीला तीक्ष्ण मद्य द्यायला सांगितलं आहे आणि त्याची कारणं दिली आहेत: गर्भकोष्ठ शुद्ध व्हावा आणि वेदनेचा विसर पडावा. त्यापुढे हलकी, तूप-तेल नसलेली पेज, तीही जितके महिने तितके दिवस. मद्याचा सल्ला आज कुणीही पाळू नये. पण हजार-बाराशे वर्षांहून जुन्या ग्रंथात पोट आणि मन एकाच श्लोकात येतं, आणि आजच्या डिस्चार्ज कार्डावर बहुधा अँटिबायोटिकचं नाव आणि पुन्हा दाखवायची तारीख एवढंच असतं, हा फरक मनात ठेवून पुढे जाऊ.

शरीराचं आधी सांगते, कारण तिथली बातमी चांगली आहे. पहिल्या तीन महिन्यांत, प्रशिक्षित हातांनी झालेल्या गर्भपातातून शरीर लवकर सावरतं. नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी गर्भपात करता येतो: आधी मिफेप्रिस्टोन, एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल. दुसऱ्या गोळ्यांनंतर काही तास पोटात कळा येतात, पाळीपेक्षा जास्त रक्त जातं, गुठळ्याही पडतात. घाबरवणारं दिसलं तरी औषधाचं काम ते हेच. मग रक्त कमी होत जातं आणि साधारण दोन आठवड्यांत थांबतं. एखादीला पुढच्या पाळीपर्यंत डाग दिसत राहतात. व्हॅक्यूमनं पिशवी रिकामी केली असेल तर रक्तस्राव त्याहून कमी दिवसांचा आणि हलका. आपल्याकडे अजून बऱ्याच ठिकाणी ‘क्युरेटिंग’ करतात, म्हणजे पिशवी आतून खरवडतात. जागतिक आरोग्य संघटना त्याऐवजी व्हॅक्यूम वापरायला सांगते. दवाखान्यात जाण्याआधी ‘तुम्ही कशानं करता?’ एवढं विचारायचा हक्क प्रत्येकीला आहे. तो वापरणाऱ्या बायका फार थोड्या, आणि त्यात त्यांचा दोष नाही. तपासणीच्या टेबलावर झोपल्यावर प्रश्न सुचत नाहीत.

पाळी चार ते आठ आठवड्यांत परत येते. मळमळ आणि छातीचा ताठरपणा आठवड्याभरात ओसरतो. लघवीची गर्भचाचणी मात्र तीन-चार आठवडे ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते, कारण गरोदरपणातलं संप्रेरक रक्तातून हळूहळू उतरतं. हे ठाऊक नसल्यामुळे आठव्या दिवशी घरीच चाचणी करून कितीतरी जणी हादरतात आणि पुन्हा गोळ्या घेतात. तसं करू नये.

धोका कधी समजायचा, हे मात्र पाठ हवं. लागोपाठ दोन तास, दर तासाला दोन मोठी पॅड पूर्ण भिजली तर. पॅडऐवजी सुती कापड वापरणारीनं जाड घडी तासाला दोनदा बदलावी लागते का, ते पाहावं. गोळ्या घेतल्या त्या दिवशी थोडी थंडी वाजून ताप येतो, तो औषधाचा. पण दुसऱ्या दिवशीही अंगात १०० च्या वर ताप राहिला, अंगावरून घाण वासाचं गेलं, दुखण्यावरची गोळी घेऊनही पोटदुखी थांबेना, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याच रात्री दवाखाना. आणि गोळ्या घेऊन रक्तच गेलं नाही, किंवा एका बाजूला ओटीपोटात कळ येऊन चक्कर आली, तर गर्भ नळीत असू शकतो. तिथं थांबायला वेळ नसतो. १०८ नंबरला फोन करून फक्त ‘रक्तस्राव होतोय’ म्हटलं तरी गाडी येते. काय केलं, कुणी केलं, हे फोनवर सांगावं लागत नाही. दवाखान्यात डॉक्टरांना मात्र कोणती गोळी, कधी घेतली हे खरं सांगावं.

इथं एक मेख आहे. लवकर झालेल्या गर्भपातानंतर ‘दोन-तीन दिवसांत नेहमीची कामं सुरू करता येतात’ असं वैद्यकाची पुस्तकं सांगतात, आणि ते खरंही आहे. पण नेहमीची कामं म्हणजे कुणाची? बँकेत काउंटरला बसणारीची की पाथर्डीहून ऊसतोडीला गेलेलीची?

पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत या दुष्काळी पट्ट्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती हंगामभर फेडायची. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीत चढतात. पहाटे फडात जायचं, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. रात्री गाडी भरायला आली तर रात्रीही. राहायला कोपी, आडोशाला न्हाणी नाही, संडास नाही, धुतलेलं कापड वाळत घालायला जागा नाही. या बाईला गर्भपातानंतर आठवडाभर रक्त जात राहिलं, तर ते कुणाला दिसणार नाही अशा रीतीनं तिनं मोळ्या वाहायच्या असतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येनं काढल्या जात असल्याचं २०१९ मध्ये गाजलं, आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि सर्वेक्षणातल्या ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. चौकशी डॉक्टरांची झाली, ती व्हायलाच हवी होती. पण पिशवी काढायला ती बाई का तयार होते? दर महिन्याचा, दर गर्भपातानंतरचा, न सांगता सोसायचा तो आठवडा तिला नको असतो. विश्रांती मिळत नाही, तेव्हा जिच्यासाठी विश्रांती लागते ती पिशवीच काढून टाकायची, हा हिशेब तिच्यापुरता अगदी सरळ आहे. बीडची हद्द ओलांडून आपल्या जिल्ह्यात आलं म्हणून तो बदलत नाही.

शिवाय रक्त. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला. अशा अंगातून आणखी रक्त गेलं की येतो तो थकवा महिनोन्‌महिने टिकतो, आणि त्यालाच घर ‘आळशी झाली’ असं नाव देतं. लोहाच्या गोळ्या उपकेंद्रात फुकट मिळतात. त्या जेवणानंतर, चहापासून लांब ठेवून, किमान तीन महिने घ्यायच्या. बाळंतिणीचा अळिवाचा लाडू या बाईला चालतो का, असं विचारतात. चालतो, आणि द्यावा. पपई, केळं, दही, गार पाणी यातलं काहीच वर्ज्य नाही. पोट भरून भाकरी, पालेभाजी, डाळ, परवडत असेल तर अंडं. पोट शेकलं तर बरं वाटतं. अंघोळीला मनाई नाही.

यापुढे एकही मूल होणार नाही, ही भीती बहुतेकींना असते आणि घरातली मोठी माणसं ती वाढवतात. सुरक्षित रीतीनं झालेल्या, गुंतागुंत न झालेल्या गर्भपातानं पुढच्या मातृत्वाला बाधा येत नाही. बाधा येते ती जंतुसंसर्ग अंगावर काढल्यानं. म्हणजे पुन्हा तेच: लपवल्यानं.

मनाचं सांगणं इतकं सरळ नाही. करून घेतलेल्या गर्भपातानंतर बाईला आयुष्यभर पश्चात्ताप होतो, असं एक मत ठासून सांगितलं जातं. अमेरिकेत डायना ग्रीन फॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३० केंद्रांतल्या जवळजवळ हजार बायकांशी पाच वर्षं संपर्क ठेवला. गर्भपात मिळालेल्या आणि मुदत उलटल्यामुळे नाकारल्या गेलेल्या, दोन्ही. गर्भपात झालेल्यांपैकी ९५ टक्क्यांहून जास्त जणींना पाच वर्षांनीही निर्णय योग्य वाटत होता, आणि सगळ्यात जास्त सांगितली गेलेली भावना होती सुटकेची. सुरुवातीच्या काळात जास्त चिंतेत होत्या त्या नाकारल्या गेलेल्या. ब्रिटनमधल्या वैद्यकीय रॉयल कॉलेजांच्या अकादमीनं २०११ मध्ये सगळे अभ्यास चाळून सांगितलं की नको असलेलं गरोदरपण असेल तर गर्भपात केला किंवा मूल जन्माला घातलं, मानसिक आजाराचं प्रमाण सारखंच राहतं. आधीपासून मनाचा आजार असेल तर तो मात्र मोजावा लागतो.

या अभ्यासांवर माझा विश्वास आहे, पण ते जसेच्या तसे अकोले तालुक्यातल्या डांगात किंवा श्रीगोंद्याच्या मळ्यात आणून ठेवता येणार नाहीत. त्यांतली एक गोष्ट मात्र इथं चपखल बसते: ज्या बायकांना ‘लोकांना कळलं तर आपल्याला हलकं लेखतील’ असं सुरुवातीलाच वाटत होतं, त्यांना पुढे जास्त त्रास झाला. गर्भपातापेक्षा त्याचं गुपित जास्त जड होतं. आपल्याकडची बाई दुहेरी काम करते: दुखणं सोसायचं आणि दुखत नाही असं दाखवायचं. झोप उडते, चिडचिड होते, विनाकारण रडू येतं. यातलं काही संप्रेरकं एकाएकी उतरल्यामुळे असतं आणि दोन-तीन आठवड्यांत जातं. कुणाला सुटल्यासारखं वाटतं आणि सुटल्यासारखं वाटलं याचाच अपराध वाटतो. कुणाला काहीच वाटत नाही. तिलाही आपण निर्दय आहोत की काय अशी शंका येते. ती निर्दय नाही. तिला चार दिवसांनी वाटेल किंवा कधीच वाटणार नाही, दोन्ही ठीक. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ जेवण-झोप तुटलेली असेल, पोरांकडे बघवत नसेल, मरणाचे विचार येत असतील, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहे. टेलि-मानसच्या १४४१६ या नंबरवर रात्री-अपरात्री, फुकट, मराठीतून बोलता येतं.

सगळ्यात अवघड वाट त्यांची, ज्यांना मूल हवं होतं. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या मेंदूत किंवा हृदयात दोष दिसतो, मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर दोन वाक्यांत सांगतात, आणि तिसऱ्या दिवशी कळा आणून बाळंतपण केलं जातं. हे बाळंतपणच असतं, कळांसकट. घरी आल्यावर दोन-चार दिवसांनी छातीत दूध उतरतं. याची तिला कुणी कल्पना दिलेली नसते. दूध पिळून काढू नये, त्यानं ते वाढतं. घट्ट बसणारी चोळी, गार पाण्याच्या घड्या, आणि डॉक्टरांना सांगितलं तर दूध थांबवायची गोळी मिळते. हे एक वाक्य दवाखान्यातून निघताना कुणी बोललं असतं तर त्या रात्रीचा निम्मा भार उतरला असता. अशा जोडप्यांना पुढच्या खेपेला घाई करू नका म्हणावं की करा म्हणावं, याचं एकच उत्तर नाही. दोष आनुवंशिक होता का, एवढं मात्र आधी तपासून घ्यावं.

आणि एक गट असा, ज्याबद्दल लिहिताना हात अडखळतो. २०११ च्या जनगणनेत नगर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८५२ मुली होत्या. त्याच्या दहा वर्षं आधी ८८४. न जन्मलेल्या त्या मुलींच्या आया याच जिल्ह्यात आहेत. त्यांच्यावर कायद्यानं खटला भरायचा नसतो. गर्भलिंगनिदानाचा कायदा बाईवर दबाव आला असं गृहीत धरतो, आणि ते गृहीतक शहाणपणाचं आहे. पण तिच्या दुःखाला जागा कुणी दिलेली नाही. तिनं रडावं तर सासरी गुन्हा, माहेरी सांगावं तर बोल तिलाच. चाळिशी-पन्नाशीला आल्यावर, दुसऱ्याच कुठल्या तरी निमित्तानं, अशा बायका बोलू लागतात. तेव्हा समोरच्यानं न्यायाधीश होऊ नये, एवढंच.

या मुलींच्या आकड्यानं आणखी एक गोंधळ केला. ‘गर्भलिंगनिदान हा गुन्हा आहे’ ही पाटी दवाखान्यांच्या भिंतीभिंतीवर लागली आणि लोकांनी ‘गर्भपात हा गुन्हा आहे’ अशी वाचली. २०१२ मध्ये परळीतलं गर्भलिंगनिदान आणि बेकायदा गर्भपातांचं प्रकरण उघड झाल्यावर तर राज्यातल्या मेडिकल दुकानदारांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच नको म्हटलं. मग बाई जाते कुठे? ओळखीच्या कुणाकडून चढ्या भावानं, चिठ्ठीशिवाय, किती आठवडे झाले ते न पाहता. तिथून तिचं सावरणं सुरू व्हायच्या आधीच बिघडतं. म्हणून कायद्याचं चार ओळींत: गर्भपात भारतात १९७१ च्या कायद्यानं वैध आहे. त्या कायद्याआधी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह, म्हणजे या कायद्याची मुळं आपल्याच राज्यात आहेत. २०२१ च्या दुरुस्तीनं २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, ठरावीक बायकांसाठी २४ आठवड्यांपर्यंत दोघांचं. १८ वर्षांवरच्या बाईला फक्त स्वतःची संमती लागते. नवऱ्याची सही लागत नाही, कुठल्याही फॉर्मवर नाही. अविवाहितेला वेगळा न्याय नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २०२२ रोजी स्पष्ट केलं. आणि तिचं नाव फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. नव्वदच्या दशकात मनीषा गुप्ते, सुनीता बांदेवार आणि हेमलता पिसाळ यांनी पुणे जिल्ह्यातल्या गावांत बायकांशी बोलून अभ्यास केला होता, तेव्हा बायकांचं पहिलं गाऱ्हाणं हेच होतं: नवऱ्याची सही मागतात आणि चौकश्या फार करतात. कायदा पुढे गेला. खिडकीवरचा कारकून अजून तिथंच आहे.

विश्रांतीबद्दलही कायदा बोलतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यातच आपोआप झालेल्या गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा लिहिलेली होती; वैद्यकीय गर्भपात त्यात पुढच्या दुरुस्तीनं आला. सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस. सव्वा महिन्याहूनही थोडे जास्त. तेव्हाच्या खासदारांनी या बाईला जवळजवळ बाळंतिणीएवढंच मोजलं होतं. अर्थात हजेरीपटावर जिचं नाव आहे तिला. कोयत्यावर नवऱ्याचं नाव असतं.

मग राहतो प्रश्न तिच्याजवळ बसणाऱ्या माणसाचा. गावात आशाताई आहे, पण ती त्याच आळीतली, नात्यातलीही असते. जी सगळ्यात जवळ तिलाच सांगता येत नाही. या अडचणीवरचं उत्तर याच जिल्ह्यात एकदा शोधलं गेलं आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. त्यांनी गावोगावच्या, बहुतेक निरक्षर, बऱ्याचशा दलित बायकांना आरोग्यसेविका म्हणून शिकवलं. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं काढलेल्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण आलं, १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार आला, आणि मग जगभरचे डॉक्टर जामखेड बघायला येऊ लागले. त्या कामातलं मला महत्त्वाचं वाटतं ते औषधांच्या पेटीइतकंच बायकांचं वरचेवर एकत्र बसणं. आरोग्यसेविका शिकायला येत, तेव्हा त्या रोगांबरोबर स्वतःच्या घरचंही बोलत: मार, सवत, टाकलेपण. आधी त्या एकमेकींजवळ मोकळ्या झाल्या, म्हणून गावातल्या बायका त्यांच्याजवळ मोकळ्या झाल्या. ज्या बाईला स्वतःची गोष्ट सांगायची सवय झाली आहे, ती दुसरीची गोष्ट चावडीवर नेत नाही. आशाताईंना गोळ्यांचे डोस शिकवणारी प्रशिक्षणं खूप होतात. त्यांनी आधी आपापसात बोलावं, यासाठी दिवस राखून ठेवणारं प्रशिक्षण क्वचित. पुढच्या पानांतला मोठा भाग आशाताईंसाठी आहे, तो याच कारणानं.

अशा आधाराची मुळं त्याहूनही मागे जातात. पुण्यात १८६३ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवांनी यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं. त्या गृहात आलेल्या एका विधवेचा मुलगा, यशवंत, पुढे फुल्यांनी दत्तक घेतला. गुपित राखणं आणि एकटं पाडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या जोडप्याला तेव्हाच उमगलं होतं. त्यांच्या दारात बाईचं नाव झाकलेलं राहत असे, पण ती एकटी नसे. आपल्याकडे आता एकटेपणालाच गुप्तता म्हणतात.

पुरुषांसाठीचं प्रकरण या पुस्तिकेत सगळ्यात छोटं आहे आणि मला ते खटकलं. नवऱ्यालाही दुःख होतं, विशेषतः हवं असलेलं मूल गेल्यावर. पण ‘तू खंबीर राहा’ म्हणून त्याला दवाखान्याच्या बिलाच्या रांगेत उभं केलं जातं. त्यानं काय करावं, हे मी इथंच थोडं जास्त सांगून ठेवते. आठवडाभर पाणी त्यानं भरावं, कुणी हसलं तरी. औषधाच्या वेळा त्यानं लक्षात ठेवाव्यात. ती बोलली तर उपाय सांगू नये. रक्त थांबेपर्यंत आणि तिला वाटेपर्यंत जवळीक नको, आणि यातलं ‘तिला वाटेपर्यंत’ महत्त्वाचं. आईनं विचारलं, ‘हिला झालंय काय?’ तर उत्तर त्यानं द्यावं. बायकोनं काय खोटं सांगायचं ते ठरवून देण्यापेक्षा हे बरं.

आणि एक गोष्ट दोघांनीही त्याच आठवड्यात ठरवायची असते. गर्भपातानंतर पुढची पाळी येण्याची वाट पाहिली जाते, ‘पाळी आली की बघू’ म्हणून. पण बीज पाळीच्या आधी सुटतं, कधी कधी आठ-दहा दिवसांतच, त्यामुळे पाळी न येताच पुन्हा दिवस राहू शकतात. संततिनियमनाच्या गोळ्या गर्भपाताच्या त्याच दिवसापासून घेता येतात, तांबी व्हॅक्यूमनंतर लगेच त्याच टेबलावर बसवता येते, गोळ्यांनी केलेला असेल तर पिशवी रिकामी झाल्याची खात्री झाल्यावर. निरोध तर दुकानात आहेच. नसबंदीचा विषय निघाला तर पुरुषाची शस्त्रक्रिया बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी आणि कमी धोक्याची आहे, टाक्याशिवायही होते. तरी आपल्या जिल्ह्यातल्या सरकारी शिबिरांत रांग कुणाची असते, ते कुठल्याही ग्रामीण रुग्णालयाच्या व्हरांड्यात जाऊन पाहावं.